खिडकी क्रमांक तीन

"हे तर तुमच्या मार्गदर्शकांच्या लेखात गेल्या वर्षीच छापून आलंय," बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या. "रांगा त्याच, आकडे तेच. मग या प्रबंधात तुमचं काय?"

आई फळ्याजवळ उभी होती. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं, म्हणून मी शाळा बुडवून पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर जुनी वही घेऊन. शेजारच्या खुर्चीत आईचे मार्गदर्शक. घरी आम्ही त्यांना 'अत्तर' म्हणतो, कारण माणसाच्या आधी वास पोचतो. अत्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

आई रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर कारकून आहे. खिडकी क्रमांक तीन. सोळा वर्षं रांगेच्या शिव्या खाल्ल्यावर तिला वाटलं, ही रांग हलत का नाही ते एकदा शोधूनच काढावं. व्यवस्थापनशास्त्र आणि माहिती प्रणाली, असं त्या विषयाचं भारदस्त नाव. पण स्वतःच्याच खिडकीचं मोजमाप ती कशी घेणार? म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी, वय वर्षं दहा, समोरच्या बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसले. माणूस खिडकीशी आला की दाब, हटला की दाब, वहीत लिही. आईचा नियम एकच, "वेळ लिहायची. मत लिहायचं नाही."

ते आकडे अत्तरांनी 'जरा बघतो' म्हणून मागून घेतले आणि स्वतःच्या नावावर छापले. आईचं नाव आभारातसुद्धा नाही. दोन महिन्यांपूर्वी कळलं, तेव्हा त्यांच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडायचा माझा बेत पक्का होता.

"नको," आई भाजी चिरता चिरता म्हणाली. "चाकात हवा परत भरता येते."

तेव्हापासून ती रोज हसून त्यांना 'सर' म्हणत होती. मला त्या हसण्याची भीती वाटायला लागली होती. खरं सांगायचं तर मजाही.

आता ती तशीच हसली. "एक फरक आहे, मॅडम. लेखात तीन नंबरला रोज दुपारी एकच्या सुमाराला एका माणसामागे बावीस मिनिटं जातात. माझ्या प्रबंधात ती नाहीत. सर, ती बावीस मिनिटं कशाची हो? तुम्हीच सांगा ना."

अत्तर खुलले. उठून उभेच राहिले. "सोपं आहे. जेवणाच्या वेळचा आळस. बाकी खिडक्या चोख, ही तीन नंबरची बाई तेवढी कामचुकार. लेखात तिच्यावर अख्खं पान आहे."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" आईने विचारलं.

"म्हणजे काय. एकेचाळीस दिवस तिथे उभा होतो."

"तीन नंबरला मी बसते, सर. तुम्ही कधी विचारलंच नाहीत," आई म्हणाली. "आणि एक वाजता ती खिडकी बंद होते. तशी पाटी लागते. आम्ही मायलेकी बाकावर डबा खायचो, आणि शेवटच्या माणसाचं घड्याळ थांबवायला ही विसरायची. मला ते नंतर कळलं. दुरुस्त केलेली फाइल तुम्हाला पाठवली होती. तुम्ही उघडली नसेल."

मी वही परीक्षक बाईंच्या पुढ्यात ठेवली. एकच्या प्रत्येक नोंदीवर तेलाचा डाग होता. एका पानावर तर माझं अख्खं बोट उमटलेलं.

बाईंनी पानं उलटली. मग अत्तरांकडे वळल्या. "तुम्ही नक्की कुठे उभे होतात?"

मी खिशातलं स्टॉपवॉच दाबलं.

आई त्या दिवशी डॉक्टर झाली नाही. परीक्षा तहकूब झाली. अत्तरांची चौकशी होईल, आईला नवा मार्गदर्शक मिळेल, म्हणजे आणखी एक वर्ष. वही पुरावा म्हणून पाकिटात घालून सील केली. उन्हाळ्याच्या सुट्टीचे माझे सगळे दिवस त्यात गेले.

बाहेर बसथांब्यावर मी पेन काढून तळहातावर लिहिलं, 'अत्तर गप्प, चार मिनिटं.' पुढे एक झणझणीत शब्द लिहिणार होते, तेवढ्यात आईने मनगट धरलं.

"मत नाही," ती म्हणाली.

मी पेनाला टोपण लावलं.

तिने हात उजेडात धरून पुन्हा वाचलं. "सेकंद किती?"

"सात."

आईने माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतःच्या सुबक कारकुनी अक्षरात ते सात सेकंद माझ्या तळहातावर लिहिले.