लाल साटिनचं अस्तर

मी एक जुनी, काळी, चामड्याची बॅग आहे. बाहेरून माझं चामडं तडकलंय आणि पितळी कडी हिरवट पडलीय, पण उघडून बघाल तर आत लालभडक साटिन चमकतं. मित्रांनो, त्या साटिनला भुलू नका. माझ्या अंगावर त्याच्याइतकी खोटी वस्तू दुसरी नाही.

मला घडवलं एका म्हाताऱ्या कारागिरानं. गाईचं जाड कातडं, दुहेरी शिलाई, आणि आत पट्ट्यापट्ट्यांचं साधं भरड कापड. त्या कापडाला त्यानं एक छोटासा खिसा शिवला. "नर्सबाईला चिठ्ठ्याचपाट्या ठेवायला लागतील," असं तो स्वतःशीच पुटपुटला होता. तो खिसा लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात त्या खिशाखेरीज सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

मी आले नर्स मेरियल हॅकेटकडे. यॉर्कशरच्या टेकड्यांवर दूर दूर विखुरलेली मेंढपाळांची घरं होती आणि त्या सगळ्यांना मिळून ही एकटी सुईण. आधी सायकलच्या मागे, मग छोट्या मोटारीत, एकतीस वर्षं मी तिच्यासोबत हिंडले. माझ्यात कात्री असायची, साबण, चिमटे, बाळाला तोलायचा ताणकाटा आणि पोटावर टेकवून ठोके ऐकायचा लाकडी कर्णा. मी दारात दिसले की बाया म्हणायच्या, "आली बाई बॅग! आता सुटले." मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! घराघरांतल्या भानगडी मेरियलला ठाऊक होत्या. कुणाचं बाळ कुणासारखं दिसतं, कोण नवऱ्याचा मार खातं, सगळं. पण ती कधी चकार शब्द बोलली नाही. तिनं पोटात ठेवलं, मीही ठेवलं.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत असा बर्फ पडला की रस्ते, कुंपणं, सगळं गडप झालं. एडविन ऑल्डरसन ट्रॅक्टर घेऊन आम्हाला न्यायला आला. त्याची बायको रूथ तेवीस वर्षांची होती आणि तिला जुळं झालं. मुलगी एवढीशी, निळी पडलेली, पण जिवंत. मेरियलनं तिला फडक्यात गुंडाळून कोळशाच्या चुलीखालच्या उबेच्या कप्प्यात ठेवलं, जिथं एरवी गारठलेली कोकरं ठेवतात. मागून मुलगा आला. तो श्वास न घेताच आला.

त्या काळी डॉक्टरांचा हुकूम असायचा की असं बाळ आईला दाखवायचं नाही आणि कुठं पुरलं ते सांगायचंही नाही. म्हणजे म्हणे आई लवकर विसरते! विसरते म्हणे, डोंबल! मेरियलनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्यात ठेवलं. मित्रांनो, तोवर हजारो वेळा माझं तोंड उघडलं होतं, पण ते बाळ यावं म्हणून. त्या दिवशी मी बाळ घेऊन निघाले. वजनाला तो साबण-कात्र्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता.

जवळच्या विदरबेक गावच्या चर्चच्या आवारात त्या दिवशी जॉब पिकर्सगिल नावाच्या म्हाताऱ्याचं दफन होतं. मेरियल थडगी खणणाऱ्याशी बोलली. त्यानं टोपी काढली आणि पोराला हळूच म्हाताऱ्याच्या शवपेटीत, त्याच्या पायाशी ठेवलं. उत्तरेकडच्या भिंतीलगत, यू नावाच्या जुन्या झाडापासून तिसरी जागा. मेरियलनं कागदाच्या एका पट्टीवर ते सगळं पेन्सिलीनं लिहिलं, रूथचं नाव लिहिलं आणि पट्टी माझ्या खिशात सारली. "डॉक्टर गेला खड्ड्यात," ती म्हणाली, "एक दिवस मी रूथला सांगणार." आणि ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो एक दिवस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बाळंतीण होती, तिसऱ्या दिवशी तिसरी. पुढं मेरियलची बदली खोऱ्यापलीकडं झाली. मग ती निवृत्त झाली आणि मी कपाटावर गेले.

पाच वर्षं मी तिथं धूळ खात पडले होते. मेरियलचं खाली काही वेगळं चाललं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, डब्यातलं सूप एकटीनं गरम करायचं, रेडिओ लावायचा आणि झोपायचं. ज्या बाईवाचून अख्ख्या खोऱ्याचं पान हलत नव्हतं, तिच्या दाराची कडी कुणी वाजवत नव्हतं.

मग एक दिवस थेल्मा ब्रेथवेट धापा टाकत आली. थेल्मा तिची मैत्रीण आणि गावच्या महिला मंडळाची सेक्रेटरी.

"मेरियल, ऊठ! आज मंडळात तुला बोलायचंय. तो अळंब्यांवर बोलणारा येत नाहीये."

"मी? अगं, मी काय बोलणार?"

"काय बोलणार म्हणजे? अर्धं खोरं तू बाहेर काढलंयस की! आणि ती बॅग घे. नुसत्या तोंडाकडं कोण बघतंय?"

त्या संध्याकाळी मेरियल बोलली. अडखळत बोलली, पण खरं बोलली. शेवटी तिनं नाव न घेता ऑल्डरसनांच्या घरची हकिगत सांगितली, दोन्ही बाळांची. सभागृहात रुमाल निघाले. एक म्हातारी उठून मेरियलचा हात धरून नुसती उभी राहिली. मित्रांनो, मला वाटलं, झालं, आता ही खिशात हात घालणार.

पण नंतर कपबशा विसळताना थेल्मा म्हणाली, "बोललीस छान गं. पण ते दुसरं बाळ काढून टाक."

"का? ते होतं, थेल्मा."

"होतं तर होतं. तू काय कोर्टात साक्ष देतेयस? केक तसाच उरलाय बघ! बायका दिवसभर राबून येतात, त्यांना हसव जरा. असं कर, जिल्ह्याच्या वक्त्यांच्या यादीत नाव घाल. मानधन मिळतं, पेट्रोल मिळतं, आणि मुख्य म्हणजे तू या घरातून बाहेर पडशील."

यादीत नाव यायचं तर परीक्षा असते. शहरातल्या एका सभागृहात डझनभर हौशी वक्ते, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, आणि समोर घंटी घेऊन बसलेल्या तीन बाया. त्याआधी थेल्मानं मला नटवायला घेतलं. "मागच्या रांगेतूनसुद्धा दिसायला हवं," म्हणत तिनं एका दुपारीत माझ्या आतल्या जुन्या कापडावरूनच, खिशासकट, लाल साटिन शिवून टाकलं. खिशात काही आहे का, हे तिनं बोट घालूनही पाहिलं नाही. मेरियल शेजारी बसून भाषण पाठ करत होती.

परीक्षेत मेरियलनं एकच बाळ सांगितलं. चुलीच्या कप्प्यात बाळ, बर्फातून मेंढपाळ कोकरू घेऊन येतो, न बघता कप्प्यात सारायला जातो, आणि आतून किंचाळी! "नर्स, आत आधीच कुणीतरी शिजतंय!" असं ओरडत तो मागच्या मागं बादलीत बसतो. घंटीवाल्या बाया डोळे पुसत हसल्या. शेऱ्याच्या कागदावर लिहून आलं, 'हशा उत्तम.'

पहिल्या मानधनाचं पाकीट मिळालं तेव्हा मेरियलनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बघितलंस? अजून आपल्याला बोलावतात." तिचा चेहरा असा फुलला होता की मला रागावता येईना. पण मी रागावायला हवं होतं.

आठ वर्षं आम्ही गावोगाव गेलो. 'गरम पाणी, टॉवेल आणि काळी बॅग' हे भाषणाचं नाव. मला उघडलं की साटिन बघूनच बायका खिदळायला लागायच्या. बादलीत पुढं पाणी आलं, मग पाण्यात मासा आला. ज्या तोंडानं एकतीस वर्षं कुणाचं गुपित सांडलं नाही, ते तोंड आता हशासाठी वाट्टेल ते सांडत होतं. मी बाहुलीसारखी टेबलावर बसून ऐकत होते.

मग त्याच विदरबेकच्या, त्या चर्चच्या गावच्या, मंडळानं बोलावलं. तिथं रीत अशी की दर महिन्याला एक छोटी स्पर्धा असते आणि तिचा निकाल पाहुण्या वक्त्यानं द्यायचा. त्या महिन्याचा विषय होता 'बाळाची जुनी आठवण'. टेबलावर वस्तू मांडलेल्या, नावं नाहीत, नुसते नंबर. चांदीचा खुळखुळा, बाळाच्या मनगटावरची नावाची पट्टी, एक टोपडं. आणि सात नंबरला पांढऱ्या लोकरीचे दोन चिमुकले मोजे.

भाषण झालं. मासेवाली बादलीही झाली. हशा पिकला. हसऱ्या तोंडानंच मेरियल टेबलाकडं वळली आणि सात नंबर उचलून म्हणाली, "हे बघा! किती सुबक विणलेत, आणि अगदी कोरे! का हो, या बाळाला पाय नव्हते की काय?"

बायका पुन्हा हसल्या. तिसऱ्या रांगेतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उठली.

"होते," ती म्हणाली. "त्याला पाय होते. तुम्ही त्याला या बॅगेत ठेवत होतात तेव्हा टॉवेलातून बाहेर आले होते. दोन्ही पाहिले मी."

मेरियलचा चेहरा पांढराफटक पडला. "रूथ?"

"हो, रूथ. त्या बादलीवाल्याची बायको. आमच्याकडं त्या दिवशी बादली नव्हती, नर्स. एडविन जमिनीवर बसून रडत होता. कप्प्यात होती ती माझी ज्युडिथ आहे, चाळीस वर्षांची झाली. मोज्यांचे मी दोन जोड विणले होते."

रूथ दोन पावलं पुढं आली.

"एडविन म्हणायचा, नको काढू तो विषय. म्हणून नाही काढला. गेल्या वर्षी तो गेला. मी भांडायला नाही आले, देवाशपथ. चहाच्या वेळी हळूच विचारणार होते. कुठं ठेवलात त्याला?"

मेरियलचा हात माझ्या कडीवर होता. ती आठवत होती, खरंच जीव तोडून आठवत होती. पण तिनं आठ वर्षं ती हकिगत इतक्या वेळा बादलीपर्यंत नेऊन सोडली होती की बादलीच्या पुढचं काही तिच्याजवळ शिल्लक नव्हतं.

"मला... आठवत नाही, रूथ."

मला आठवत होतं! उत्तरेची भिंत, यू झाडापासून तिसरी जागा, म्हाताऱ्या जॉबच्या पायाशी! मी आतून ओरडत होते. पण बॅगेला कोण विचारतो?

अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. "मला वाटतं, चहा तयार आहे." आभार मानायची पाळी ज्या बाईवर होती, तिनं कागद आधीच लिहून आणला होता आणि तिला दुसरं काही सुचलं नाही. तिनं तो वाचून दाखवला, "नर्स हॅकेट यांनी आम्हाला पोट धरून हसवलं, त्याबद्दल आभारी आहोत." रूथनं मोजे उचलले, कोट घातला आणि ती निघून गेली.

त्यानंतर मेरियल एकदाही बोलायला गेली नाही. तिनं जुन्या वह्या चाळल्या. थडगी खणणारा शोधला, तर तो केव्हाच गेला होता. एका दुपारी ती मला मांडीवर घेऊन बसली आणि आत हात घालून चाचपत राहिली. मित्रांनो, तिची बोटं बरोबर त्या जागेवर आली होती. पण साटिन गुळगुळीत असतं. बोटं घसरून पुढं गेली.

दोन हिवाळ्यांनी ती गेली. भाचीनं सामान मंडळाच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला दिलं. एकजण मला उचलून म्हणाली, "अय्या, ही तर ती हसवणारी बॅग!" आणि खाली ठेवून गेली. मग एक उंच, पांढऱ्या केसांची बाई आली. तिनं मला उचललं आणि छातीशी धरलं.

आज मी रूथच्या घरी आहे, खिडकीपाशी खुर्चीवर. ज्युडिथ रविवारी येते आणि कुरकुरते, "आई, टाक ना ती बॅग! कसला घाण वास येतो तिला." रूथ म्हणते, "राहू दे. तो शेवटचा हिच्यात होता." मग ती माझ्यात हात घालते आणि तसाच ठेवून बसते. तिचा हात आणि ती पट्टी यांच्यामध्ये एक साटिनचं कापड आहे, बस्स.

मागच्या आठवड्यात डाव्या कोपऱ्यातली शिलाई उसवली. चार बोटांएवढी फट पडली आणि पट्टीचं टोक अगदी तोंडाशी आलं. रूथला फट दिसली. माझं अंगांग शहारलं. बघ, रूथ, बघ, घाल बोट!

"अरेरे," ती म्हणाली. तिनं चष्मा लावला, सुई-दोरा आणला आणि बारीक, घट्ट टाके घालून कोपरा शिवून टाकला. किती प्रेमानं शिवला म्हणून सांगू.

मित्रांनो, जुन्या वस्तू सगळे सांगतात तसं मीही तुम्हाला सांगणार होते, की आम्हाला जपा, पुसा, डागडुजी करा. नाही सांगत. तुमच्यापैकी कुणी कधी रूथ ऑल्डरसनच्या घरी गेलंच, तर एवढं करा. मला जपू नका. कात्री घ्या आणि मला उसवा. लवकर या, तिला आता ऐंशी लागेल.