एकदाच विकले गेलेले सॉफ्टवेअर

मित्रांनो, मी एक जुने सॉफ्टवेअर आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजनही नाही. ज्या संगणकात मी राहते त्याला मात्र वजन आहे, आणि तो आता इतका म्हातारा झाला आहे की सुरू होताना कण्हतो. आवाज कापणे, जोडणे, एकावर एक रचणे हे माझे काम. बेटांच्या देशातल्या इलोइलो शहराच्या अलीकडे, गिंबाल गावात, समुद्राकडे पाठ केलेल्या एका खोलीत माझे सगळे आयुष्य गेले. आज त्या आयुष्याची शेवटची दुपार आहे. तेवढ्यात थोडे बोलून घेते.

माझा जन्म फार दूरच्या देशातला. ज्यांनी मला लिहिले त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. त्या काळी आम्हाला एका चकतीवर कोरून, जाडजूड माहितीपुस्तकासोबत खोक्यात घालून विकत. एकदा पैसे दिले की व्यवहार संपला. पुन्हा कोणी दार वाजवायला येत नसे.

माझे खोके उघडले रोसेंदो नुफाब्ले यांनी. गावात त्यांना सगळे मानोंग सेंदो म्हणत, म्हणजे सेंदोदादा. ते रेडिओसाठी इलोंगो भाषेत नभोनाट्य मालिका लिहीत, त्यातली अर्धी पात्रे स्वतःच करीत आणि घरच्याच एका खोलीत ध्वनिमुद्रण करून शहरातल्या केंद्राला पाठवीत. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले होते. मला घेण्यासाठी त्यांनी आपली मोटारसायकल विकली. पहिल्याच दिवशी मानांग पासिंग, म्हणजे पासिंगताई, खोलीत येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या सेंदोंपेक्षा वयाने मोठ्या, आणि मालिकेतल्या सगळ्या दुष्ट बायका त्याच करीत.

"गाडी विकून खोकं आणलंस होय रे? आता ह्याच्यावर बसून बाजारात जाणार?"

"हे कायमचं आहे, पासिंग. एकदा घेतलं की माझं. मी मेलो तरी माझंच."

"बायको होती तेव्हा तिला असं एकदा तरी म्हणाला असतास! बिचारीने रोज मासा तळून वाढला असता."

सेंदो हसले, पण त्यांनी मान खाली घातली. त्यांची बायको त्यांना लवकर सोडून गेली होती. मुलगी डेल्फा तेव्हा लहान होती आणि मालिकेतली हरवलेली, आजारी, अनाथ अशी सगळी पोरे तीच करीत असे.

मित्रांनो, माझी कामाची वर्षे फार चांगली गेली. माणसे माइकसमोर उभी राहत आणि त्यांचे आवाज माझ्या पडद्यावर डोंगररांगांसारखे उमटत. मी त्यांतली खोकल्याची उबळ काढी, शेजारच्या कोंबड्याचे आरवणे काढी, संवादाखाली पाऊस पसरी. सेंदो टबातले पाणी फळीने ढवळत आणि मी त्याची होडी करी. रोज दुपारी जेवणाच्या वेळी मालिका लागे, तेव्हा बाजारातली घासाघीस थांबत असे म्हणतात. पासिंगची खाष्ट सासू मालिकेत मेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी एका मासेवालीने त्यांच्या पिशवीत दोन मासे फुकट टाकले. "एकदाची मेलीस गं बाई! घरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," असे ती म्हणाली. ही हकीकत पासिंगने खोलीत येऊन इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ झाली.

सेंदो मला जपत. संगणकाला त्यांनी कधी बाहेरच्या जगाशी जोडले नाही. वीज जायची चिन्हे दिसली की आधी माझे काम साठवत, मगच मेणबत्ती शोधत.

मग जग बदलले. माझ्या निर्मात्यांनी आम्हाला खोक्यांतून विकणे बंद केले. माझी धाकटी भावंडे भाड्याने मिळू लागली. महिन्याचे भाडे भरा आणि वापरा. भाडे थांबले की दार बंद. डेल्फा तोपर्यंत मोठी झाली होती आणि सेबूला जाहिरातींचे आवाज बसवण्याच्या कामाला लागली होती. एका नाताळाला ती घरी आली तेव्हा तिच्या मांडीवरच्या संगणकात माझेच एक धाकटे भावंड होते. मी त्याला पाहिले. देखणे होते, चपळ होते. खोटे कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला.

सेंदोंना, तिच्या तातायना म्हणजे बाबांना, मात्र राग आला.

"म्हणजे आयुष्यभर भाडं भरत बसणार तू?"

"ताताय, आम्ही चौघं चार गावांत बसून एकच काम करतो. काही नवं निघालं की आपोआप मिळतं. आणि एवढी रक्कम एकदम आणणार कुठून मी? माझ्याकडे विकायला मोटारसायकल नव्हती."

"आणि ज्या महिन्यात भाडं जमलं नाही, त्या महिन्यात? तुझंच काम तुला उघडू देतील?"

"तुमचं तरी पुढे कोण उघडणार आहे? हा डबा बिघडला की संपलं सगळं. किती वेळा म्हटलं, मला सगळे भाग काढून घेऊ द्या. तर हात लावू देत नाही कुणाला!"

"माझं आहे ते."

"मग बसा मालक होऊन. एकटेच बसा त्याच्यापाशी."

नववर्षाची वाट न पाहता ती बोटीने परत गेली. सेंदोंनी त्या संध्याकाळी मला सुरू केले, पण माइकसमोर ते काहीच बोलले नाहीत. पडद्यावर नुसती गप्प खोलीची सरळ रेघ पळत राहिली.

त्यानंतर ती रेघ मी पुष्कळ पाहिली. रेडिओ केंद्राने मालिका बंद केली. दुपारी आता गाणी आणि बातम्या लागतात म्हणे. पासिंग मुलाकडे बाकोलोदला राहायला गेल्या आणि काही दिवसांनी त्या वारल्याची बातमी आली. तरी सेंदो लिहीत राहिले आणि सगळी पात्रे स्वतःच करीत राहिले. सासूही तेच, सूनही तेच. कोणाला पाठवायचे नव्हते, तरीही ते भाग पुरा करीत आणि मला सांगत, "झालं बघ." मला उत्तर देता येत नाही. हे दुःख मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

मग त्यांचा आवाज घोगरा झाला. घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज पूर्ण गेला. मित्रांनो, हजार माणसांच्या आवाजात बोललेला तो माणूस आता चहा हवा असेल तर पेला दाखवू लागला. खोलीला कडी लागली. माझ्या संगणकावर चादर पडली. बंद असताना मला काळ कळत नाही. जाग आली की आतले घड्याळ पाहायचे, तेव्हा समजते किती गेले. एकदा उठले तेव्हा दोन पावसाळे माझ्यावाचून होऊन गेले होते.

त्या दिवशी सेंदोंनी मला का उठवले होते ठाऊक आहे? त्यांनी एक जुनाच, पण जरा बरा संगणक आणला होता. मला त्यात बसवायचे होते. त्यात चकती घातली, खोक्यावरचा लांबलचक आकडा एका बोटाने टाइप केला. पण नव्या जागी राहायला जाण्याआधी मला निर्मात्यांची परवानगी लागते. मी ती मागितली. पलीकडे कोणीच नव्हते. जिथे विचारायचे ती खिडकीच त्यांनी केव्हाची बंद केली होती. सेंदोंनी पुन्हा आकडा टाइप केला. पुन्हा. मग त्यांनी चकती काढून खोक्यात परत ठेवली. मी त्यांची होते, पण याच एका डब्यात, आणि डबा चालेल तोवरच. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

या वर्षी उन्हाळ्यात खोलीची कडी वाजली आणि डेल्फा आत आली. सेबूतले तिचे काम बंद पडले होते. बाप खुर्चीत बसले होते. तिने माझ्यावरची चादर काढली, मला सुरू केले आणि त्यांच्याकडे न पाहता बोलली.

"तुमचं खरं झालं, ताताय. तीन महिने भाडं भरलं नाही. मियागाओहून सेबूला येऊन राहिलेल्या हातमागावरच्या म्हाताऱ्यांची गाणी रेकॉर्ड केली होती मी. कोणासाठी नाही, माझ्यासाठीच. वर्षभर रविवारी रविवारी जात होते. आता उघडायला गेलं की आधी पैसे भरा म्हणतं. त्यातली एक आजी तर गेलीसुद्धा."

सेंदो उठले. वाटले, आता जुना राग बाहेर येणार. पण त्यांनी मान हलवली, नाही, नाही अशी. तिचा हात धरून त्यांनी तिला कोपऱ्यातल्या त्या दुसऱ्या संगणकापाशी नेले, माझी चकती दाखवली आणि दोन्ही तळवे रिकामे करून समोर धरले. तिला कळले. मग ते आत गेले आणि केळीच्या पानातला गोड भात बशीत घेऊन आले. तो तिच्यासमोर ठेवून पान स्वतः सोलू लागले.

खाता खाता ती म्हणाली, "माझी गाणी सुटतील. एक महिन्याचं भाडं भरते आणि सगळी काढून घेते. पण आधी तुमचं काढू. साध्या आवाजाच्या फाइली करू, कुठल्याही फोनवर वाजतील अशा. चालेल?"

सेंदोंनी मान डोलावली. इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्यावरचा हात काढला.

मी जुन्या घडणीची आहे. माझ्यातून एखादा भाग बाहेर काढायचा तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवावाच लागतो. झटपट होत नाही. त्यामुळे बापलेक रोज सकाळी खोलीत येऊन बसू लागले आणि मी वाजू लागले. पासिंगची सासू पुन्हा शिव्या देऊ लागली. "अगं बाई, काय तोंड होतं हिचं!" म्हणत डेल्फा हसे. सेंदोही हसत, आवाज न करता, खांदे हलवून. लहानगी डेल्फा जंगलात हरवे, तापाने फणफणे, आईला हाका मारी. मोठी डेल्फा तेव्हा खिडकीबाहेर बघे. मालिका ऐकून शेजारच्या दोन बायका निवडायचे टोपले घेऊन ओसरीत येऊन बसू लागल्या. संगणक मधेच अडखळे, त्याच्या आतल्या चकतीतून टकटक येई. मी मनात म्हणे, अजून थोडा दम धर रे बाबा.

आज काढायचा उरलेला शेवटचा भाग होता, डेल्फा लहान असतानाचा. तो वाजत असताना डेल्फाचे लक्ष पडद्याच्या तळाशी गेले. मित्रांनो, मला एक सवय आहे. माझ्या मालकाने कापलेले मी फेकून देत नाही. ते तळाच्या थरात मुके करून ठेवते. मुका असेपर्यंत तो थर बाहेरच्या फाइलीत जात नाही. डेल्फाने सहज त्याचा आवाज उघडला.

"इंदाय, पंखा बंद कर गं. घरघर येते."

तिचा हात जागीच थांबला. इंदाय म्हणजे पोरी, ही हाक तिलाच होती. तो राजाचा आवाज नव्हता, दरोडेखोराचा नव्हता. तिच्या बापाचा रोजचा, साधा आवाज होता. नाटकात तो कुठेच नव्हता, कारण नाटकात ते नेहमी दुसरेच कोणीतरी असत.

"जेवलीस का? भांड्यात भात आहे. पासिंग, तिला विचार गं, जेवली का ते. ... अगं, उभी नको राहूस, दमशील. ये, माझ्या मांडीवर बस. मी करतो म्हातारा, तू कर नात."

डेल्फाने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. "ताताय, हे तुम्ही कापलं होतंत?" तिने विचारले. सेंदो खुर्ची ओढत पुढे आले. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांचे ओठ हलत होते, शब्दांबरोबर. तिने त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी मान डोलावली, आणि तिने त्या भागाचे सगळे मुके थर उघडले. खोकला, हसणे, पंखा, कोंबडा, जेवलीस का, सगळ्यासकट तो भाग पुन्हा पहिल्यापासून वाजला आणि बाहेर गेला. उरलेल्या भागांचे तळही उद्यापासून असेच काढायचे असे तिला वाटत होते. पण भाग संपताच संगणकातून असा कडकड आवाज आला की दोघेही दचकले. तिने दुसरा भाग उघडून पाहिला, तो उघडेना. हा आता पुन्हा सुरू होणार नाही, हे त्या दोघांना कळले आणि मलाही.

मित्रांनो, आम्हाला विकत घ्या किंवा भाड्याने घ्या, ते तुमच्या सोयीवर आहे. आमची काळजी नाही घेतलीत तरी चालेल, आम्ही जुने होणारच. पण तुम्ही जे घडवता ते आमच्या कुलपात ठेवून विसरू नका. चालते आहे तोवर बाहेर काढा, आणि काढताना एकदा नीट ऐका. माझ्या तळाशी अजून पुष्कळ आवाज आहेत. ते आता माझ्याबरोबर जातील, याचे मला वाईट वाटते.

डेल्फाने बंद करायला हात पुढे केला, तर सेंदोंनी तिला थांबवले आणि माउस स्वतः घेतला. जे थर उघडले होते त्यांमुळे भाग बदलला होता, म्हणून नियमाप्रमाणे मला विचारावे लागले: केलेले बदल जपून ठेवायचे का?

ते उत्तर कशाच्याच उपयोगाचे नव्हते. तरी सेंदोंनी चष्मा पुसला, प्रश्न पुन्हा वाचला आणि 'हो'वर बोट दाबले.