दोन कड्या

“खाली सही करा, एवढंच,” म्हणत साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“आधी वाचून दाखवा.”

“तुम्हाला वाचता येतं ना?”

“येतं. पण लिहिलंय तुम्ही, तर तोंडानंही म्हणा.”

साहेबांनी घसा साफ केला आणि वाचलं. मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या धुलाईखान्यात पाणी भरलं, ऑपरेशनच्या चादरींचे धुतलेले गठ्ठे भिजले, चार ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. कारण काय, तर बायकांनी हाताने व्हॉल्व उघडले आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी मी कमी पडले. सही केली की मी निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच घरी, आणि सत्तावीस वर्षांच्या नावाला काळं.

“कॉम्प्युटर आला तेव्हाच, कुणी हाताने उघडू नये म्हणून, व्हॉल्वच्या मुठींना मी स्वतः चिंध्या बांधल्यात. गाठी अजून तशाच आहेत. बघायला आलात?”

“कॉम्प्युटर चुकत नाही, मावशी.”

“तुमची मावशी तुमच्या घरी. मी सही करत नाही.”

“शुक्रवारपर्यंत विचार करा,” साहेब म्हणाले.

विचार करायला मला काही नव्हतं. खरी अडचण वेगळीच होती. व्हॉल्व उघडणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम माझ्या सुनेने लिहिला होता.

धुलाईखान्यात पाच मोठी मशीनं. पाचांचं साबणपाणी एकाच नालीत जातं आणि नाली एका वेळी दोन मशीनांचंच पाणी ओढते. तिसऱ्याचं सोडलं की सगळं उलटं फिरून खोलीभर. मी कामाला लागले तेव्हा रोज आरडाओरडा, “सोडू का गं?” “सोड!” आणि तिघी एकदम सोडायच्या. मग मी जुन्या पडद्याच्या दोन पितळी कड्या खिळ्याला अडकवल्या. कडी जिच्या हातात, तिनेच व्हॉल्व उघडायचा. पाणी गेलं की व्हॉल्व बंद, कडी परत खिळ्यावर. खिळा रिकामा असेल तर बाकावर बसायचं, उगाच सारखं डोकवायचं नाही. कडी लावणारी बाकावरच्या पहिलीच्या खांद्याला हात लावेल. एकीने एकदा कडी कमरेला खोचून घरी नेली आणि आम्ही अख्खा दिवस एकाच कडीवर रेटला. दुसऱ्या दिवशी मी तिला जे बोलले, ते ती नातवंडांना सांगेल. पण त्या खोलीत पुन्हा पाणी म्हणून आलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर आला. व्हॉल्व आपोआप उघडायला लागले. साहेबांनी खिळ्यावरच्या कड्या काढून माझ्या हातात दिल्या, जशा लहान पोराकडे रिकाम्या काडेपेट्या द्याव्यात.

संध्याकाळी सून भांडी विसळत होती. मी मागे जाऊन उभी राहिले. मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढा शहाणा आहे तो.

“आई, मी शंभर वेळा तपासलंय,” ती पाठमोरीच म्हणाली. “मशीनला पाणी सोडायचं असलं की प्रोग्राम आधी बघतो किती व्हॉल्व उघडे आहेत. दोनापेक्षा कमी असतील तरच उघडतो.”

“म्हणजे मी खोटं बोलते.”

“मी असं म्हटलं का?”

“तोंडाने नाही म्हटलंस.”

मी पिशवीतून कड्या काढल्या. एक ओट्यावर ठेवली, दुसरी मुठीत धरली. “ही मुठीतली कडी म्हणजे एका मशीनचा व्हॉल्व उघडा आहे. तू दुसरं मशीन, मी तिसरं. बघ. किती उघडे?”

“एक. म्हणजे मला चालेल.”

“मीही आत्ताच बघितलं. मलाही एकच दिसला, कारण तुझा अजून उघडायचा आहे. आता तू उघड. मीही उघडते. किती झाले?”

नळ वाहत राहिला. तिचा साबणाचा हात तसाच हवेत.

“तीन,” ती म्हणाली.

“माझ्या बायका बघत नव्हत्या, घेत होत्या. एक कडी दोघींच्या हातात येत नाही. तू बघण्यात आणि घेण्यात फट ठेवलीस. पाणी त्या फटीतून आलं.”

तिने नळ बंद केला आणि स्टुलावर बसली.

“याला आमच्यात सेमाफोर म्हणतात. एका कॉम्प्युटरवर अनेक कामं एकदम चालतात ना, ती एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून. मोकळ्या जागांचा एक आकडा असतो. घ्यायचं तर तो एका दमात कमी करायचा, मध्ये दुसऱ्याला शिरता येत नाही. शून्य असेल तर रांगेत झोपायचं. सोडणारा पुढच्याला उठवतो. कॉलेजात शिकवतात.”

“मग त्या दिवशी तू कुठे होतीस?”

“पहिल्या बाकावर!” आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्या टोमण्यावर हसली. मग हसू गेलं. “आई, दवाखान्यात माझं प्रोबेशन अजून चालू आहे. हे सांगितलं तर काढतीलसुद्धा.”

सुनेसाठी मी सही करून टाकली असती, असं इथे लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण ते खोटं.

“तुझं तू ठरव,” मी म्हटलं. “मी सही करणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.”

शुक्रवारी मी साहेबांच्या खोलीत गेले, तर ती आधीच उभी होती.

“चूक प्रोग्रामची आहे. म्हणजे माझी,” ती सांगत होती. “दोन मशीनं एकाच क्षणी बघतात आणि दोघांनाही जागा दिसते.”

“कोणत्या तज्ज्ञाने शोधलं हे?”

तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

साहेबांचं तोंड आंबट झालं. “सासू-सुना ठरवून आलात वाटतं.”

“ठरवून आलो असतो,” मी म्हटलं, “तर एकीने तरी तुम्हाला गोड वाटेल असं सांगितलं असतं.”

साहेब माझा कागद ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले.

“तिथे नको. फाडा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. कागद फाटला.

सुनेचं प्रोबेशन सहा महिने वाढलं, लेखी. तो कागद तिने माझ्यादेखत शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच सही केली.

आता धुलाईखान्याच्या भिंतीवर कॉम्प्युटरचा छोटा पडदा आहे. त्यावर दोन, एक, शून्य असे आकडे बदलत राहतात. पाणी कधी उलटत नाही. कड्या भंगारात द्या म्हणाले, मी खिळ्यावर परत अडकवल्या. कुणी घेत नाही. कुणी काढतही नाही.

परवा आकडा शून्यावर आला आणि मी सवयीने बाकावर जाऊन बसले. सून तिथेच तपासणीला आली होती. पडद्यावर एक उमटला, तशी जाता जाता तिने माझ्या खांद्याला दोन बोटं लावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी पदर खोचून उठले. उघडायला काहीच नव्हतं, तरी उठले.