जिन्यातला पूल

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. दोन भावांची घरं जोडण्याचं पवित्र कार्य माझ्याकडे होतं. ते मी चपलांच्या कपाटात बसून करायचो.

नवा होतो तेव्हा थोरल्या वहिनींच्या टेबलावर माझी जागा होती. त्या शिक्षिका. माझ्यावर प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि रोज मऊ फडक्याने मला पुसायच्या. पुढे माझी बिजागरी मोडली, बटणांत चहा सांडला आणि पंख्यात एका झुरळाने संसार थाटला.

थोरले वरच्या मजल्यावर राहतात, आई त्यांच्याकडे. धाकटे खाली. भांडण म्हणाल तर फक्त चॅटच्या अ‍ॅपवरून.

"तुझं अ‍ॅप लोकांच्या घरात डोकावतं, दादा."

"आणि तुझ्या अ‍ॅपवर चिटपाखरू तरी आहे का रे?"

झालं, एका घराचे दोन ग्रुप झाले. मग संगणक दुरुस्त करणाऱ्या जावईबापूंनी मला जिन्याच्या वळणावरच्या चपलांच्या कपाटात आणून बसवलं, कारण तिथे दोन्ही घरांचं वायफाय पोचतं. "हा पूल," ते म्हणाले. "इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे. आता कोणी कोणापुढे वाकायला नको!" सगळ्यांनी माझं कौतुक केलं. माझ्यावर कागद चिकटवला: हात लावू नये.

कोणी लावलाही नाही.

मी काय काय वाहून नेलं, ते आठवलं की शिसारी येते. गुलाबावर दव, दवावर सुविचार. धाकट्यांचं पिकलेलं नख, तीन बाजूंनी. थोरल्यांची उपटलेली दाढ, रक्तासकट. त्याखाली न बघताच टाकलेलं "छान!" आणि वर अष्टौप्रहर मोज्यांचा वास.

आईला दोघांनी बजावलं होतं, "जिन्यातून हाका मारू नकोस गं, ग्रुपवर टाक." तिने बिचारीने एका बोटाने लिहिलं, "गुरुवारी नऊला मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोबत माणूस लागतो. कोण येणार?"

थोरल्यांनी अंगठा दिला. तो मी खाली नेला. धाकट्यांना वाटलं, दादा जातोय. त्यांनीही अंगठा दिला. तो मी वर नेला. थोरल्यांना वाटलं, धाकटा जातोय. माझं काम मी चोख केलं, याचीच मला किळस वाटते.

गुरुवारी आठ वाजता धाकटे खालूनच ओरडले, "आई, दादासोबत सावकाश उतर हं!" आणि कामावर गेले. साडेआठला आई माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली, मांडीवर पिशवी. थोरले बूट घालत म्हणाले, "तयार झालीस? वा! येईलच धाकटा."

"अरे, पण तो तर मघाशीच..."

थोरले फोनवर लिहीत उतरत होते: "आईला शुभेच्छा!" मी तेही पोचवलं. खालून दोन हात जोडून आले.

ती अकरापर्यंत बसली. मग तिने कपाट उघडलं. मला वाटलं, पुसणार. तिने माझी वायर उपटली.

संध्याकाळी तिने वळणावर उभं राहून दोघांच्या नावाने हाक मारली. दोन्ही दारं उघडली. पुढच्या गुरुवारी दोघेही सोबत गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा. निदान त्यांच्यावर मोजे टाकू नका. आणि अंगठा देण्याआधी निरोप वाचा.

माझ्यापासून वर नऊ पायऱ्या आहेत, खाली नऊ.