चार काड्यांचा राउटर

लॅपटॉप घ्यायचा तर छोटाच घ्यायचा, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. चंचलला वाटलं, आई पैशाचं बघतेय. पैशाचं होतंच. पण खरं कारण हे की छोटी वस्तू लपवता येते, आणि भीती पोटात असली की माणूस प्रत्येक गोष्ट लपवायच्या मापानं बघतो.

अमरोलीच्या दुकानात काउंटरमागे एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या पिशवीला पाहिलं आणि मग चंचलला विचारलं, "बेन, गेम रमवानी छे के काम करवानुं?"

"काम," चंचल म्हणाली. "रॅम आठ पाहिजे. चारवाला दाखवूच नका. आणि एसएसडी."

"तमारी दीकरी इंजिनिअर छे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, साड्यांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. कतारगामला एक शेठ ऑनलाइन साड्या विकतात, त्यांच्या ऑफिसात चंचल दीड वर्ष काम करतेय. कुणी केरळातून लिहितं, फोटोत मोरपंखी होती, आली ती हिरवी. कुणी पंजाबातून लिहितं, ब्लाउजपीस कुठाय. चंचल सगळ्यांना सॉरी लिहिते. दिवसाला दोनशे सॉरी लिहून बावीस वर्षांची मुलगी घराला हातभार लावते. साडीला लेस लावून लावून माझी बोटं वाकडी झाली, पण तेवढं मी कधी कमावलं नाही.

मोठ्या स्क्रीनचा एक लॅपटॉप काकांनी पुढे सरकवला. डोळ्याला आराम, म्हणाले. चंचलनं शेजारचा छोटा उचलला, उलटा करून खालच्या जाळ्या पाहिल्या, बॅटरी किती तास चालते विचारलं. जुना दुरुस्त केलेलाही एक होता, स्वस्त. तिनं तो उघडला आणि लगेच मिटला. "मध्येच बंद पडला तर सोमवारी काय करू?"

सोमवार हीच तर सगळी गोष्ट होती. शेठ म्हणाले होते, घरून काम करायचंय ना, कर; पण लॅपटॉप तुझा, नेट तुझं. सोमवारी दहा ते दोन ट्रायल. एकदाही कनेक्शन तुटलं नाही तर कायमचं घरून. तुटलं तर मंगळवारपासून पुन्हा ऑफिस.

आणि ऑफिस म्हणजे तो रस्ता. रस्ता म्हणजे तो माणूस.

महिनाभर झाला होता. ऑफिस सुटलं की तो बाहेर उभा. ती बसमध्ये चढली की मागे उभा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही, नुसता यायचा. एकदाच, मागून अगदी हळू, "चंचल" म्हणाला. गळ्यातल्या ओळखपत्रावरून वाचलं असणार. त्या दिवसापासून पोरगी ओळखपत्र पर्समध्ये ठेवते. कोसाडला उतरली की सरळ घरी यायची नाही, भाजीबाजारात शिरायची, दोन-तीन गल्ल्या फिरायची, तो चुकला की मग घरी. आमच्या सरकारी आवास वसाहतीतल्या बिल्डिंगी सगळ्या एकसारख्या, एकाच रंगाच्या. आमचेच पाहुणे चुकतात आणि भलत्यांच्या घरी पाणी पिऊन येतात. पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटत होतं.

तिच्या पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते पलसाण्याला डाइंग मिलमध्ये, सकाळी सातला जातात, रात्री आठला येतात, हाताला कधी निळा रंग, कधी लाल. माणूस वाईट नाही. पण माझ्या जेठांची सुवर्णा कॉलेजात होती तेव्हा कुणीतरी गावातल्या भिंतीवर तिचं नाव लिहिलं. नुसतं नाव. दीड महिन्यात तिचं लग्न झालं. हे तेव्हा ओट्यावर बसले होते, मान खाली, एक शब्द बोलले नाहीत. जेठांच्या टेम्पोवर ‘सुवर्णा’ अजून रंगवलेलं आहे, कॉलेजच्या हजेरीतून मात्र ते गेलं ते गेलंच.

म्हणून मी यांना सांगितलं होतं, ऑफिसची जागा कमी पडतेय, शेठ घरून काम देतायत.

छोटा लॅपटॉप ठरला. मग राउटर. काकांनी दोन ठेवले, एकाला अँटेनाच्या दोन काड्या, एकाला चार.

"रूम केटली?"

"दोन," चंचल म्हणाली. "दोन काड्यांचा बास झाला, आई."

"आणि तुटला तर?" मी म्हटलं. "काका, हा चारवाला कुठपर्यंत जाईल?"

"बेन, तीजा माळेथी नीचे रोड सुधी," ते अभिमानानं म्हणाले.

तिसऱ्या माळ्यावरून खाली रस्त्यापर्यंत. मला वाटलं, जेवढा लांब जाईल तेवढा पक्का. मी चार काड्यांचा घेतला. चंचल म्हणाली, "आई, आपण काय रिक्षावाल्यांना नेट वाटणार आहोत?" पण तिनं हट्ट केला नाही.

चंचलनं सोमवारपर्यंत सुट्टी घेतली होती. शुक्रवारी नेटवाला वायर टाकून गेला. चंचल अंघोळीला गेली होती. त्यानं मोबाइलवर काहीतरी करत विचारलं, "आंटी, नाम क्या रखूं?"

आमच्या लोकांत नाव ठेवायला कुणी विचारतं का? टेम्पो घेतला, मुलीचं नाव. दुकान टाकलं, मुलीचं नाव. लक्ष्मी आली तर लक्ष्मीचंच नाव लागतं. मी म्हटलं, "चंचल."

"चंचल तो बहुत होंगी."

"तो घर का नंबर भी डाल दो. डी-सतरा, तीन सौ दो."

त्यानं टाकलं. मी त्याला चहा दिला. पासवर्ड मात्र मी असा कठीण ठेवून घेतला की त्यालाही दोनदा टाइप करावा लागला. दाराला तीन कुलपं लावून किल्ल्या सांभाळत बसले, आणि बाहेरच्या भिंतीवर काय लिहून ठेवलंय ते पाहिलंच नाही.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी साडीला लेस लावत होते. चंचल नेटचा वेग तपासत होती.

"आई, इकडे ये."

आवाज इतका साधा होता की मी सुई साडीतच खुपसून उठले.

"हे बघ. आपल्या आजूबाजूची नेटं दिसतात यात." तिनं बोट ठेवलं. पार्सलांवरचे पत्ते वाचून वाचून इंग्रजी अक्षरं मला येतात. वर आमचं होतं, चंचल डी-सतरा तीनशे दोन. खाली पटेल फॅमिली. मग भगवान वायफाय, हे खालच्या इस्त्रीवाल्याचं. मग कुणीतरी ‘मत मांगो’ असं नाव ठेवलेलं, त्याला तर मी ओळखतेही. आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत हिंदी:

‘चंचल क्यूं नहीं आती’.

"हे कुणाचं?" मी विचारलं, कारण तोंडाला काहीतरी विचारायचं होतं.

"कुणाच्या तरी मोबाइलचं आहे. मोबाइलवरून नेट वाटता येतं, त्याला हवं ते नाव देता येतं." ती थांबली. "ते लांबून दिसत नाही, आई. तो इथंच आहे, खाली." मग आमच्या नावावर तिचं बोट गेलं. "हे नाव कुणी ठेवलं?"

मी राउटरकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही दोघी त्या यादीकडे बघत बसलो. जरा वेळानं ती ओळ गेली. मला वाटलं, सुटलो. मग पुन्हा आली, बदलून:

‘तीसरा माला ना’.

चंचलनं उठून खिडकी लावली. मग कडी लावली. मग दारापाशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "पप्पांना सांगू नकोस." तिचे दात वाजत होते. मे महिना होता.

मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावर महिनाभर ती रोज अशीच असणार, घरी येऊन "आज बसला गर्दी होती" म्हणत असणार. आणि मी चार काड्या लावून, तिचं नाव घर नंबरासकट रस्त्यापर्यंत पोचवून, त्याला दार दाखवलं होतं.

मी लॅपटॉप उचलला. हलका होता, ताटाएवढा. "ती रेघांची खूण जास्त झाली म्हणजे जवळ आलं ना?"

"आई, जाऊ नकोस."

"हो की नाही सांग."

"हो."

जिन्यात पुष्पाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. पहिल्या माळ्यावर राहतात, नंदुरबारकडच्या. "भागीवहिनी, चालता चालता पिच्चर बघता का काय?"

"रेंज बघतेय," मी म्हटलं. मी थांबले नाही, तशा त्या मेथी तिथंच ठेवून माझ्यामागे निघाल्या.

खाली दारात त्या ओळीपुढे दोन रेघा होत्या. इस्त्रीवाल्याकडे वळले, एक झाली. परत फिरून आमलेटच्या लारीकडे, हातगाडीकडे गेले, सगळ्या रेघा भरल्या. लारीजवळ पाचसहा जण होते. एक पाव खात होता, दोघं गाडीवर बसले होते, सगळ्यांच्या हातात मोबाइल. मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. चंचलनं सांगितलं होतं, साधा आहे, आई, कुणासारखाही दिसतो. आता कुणासारख्याही दिसणाऱ्यात मी कुणाला शोधणार? परत जावं असं वाटलं.

तेवढ्यात ओळ बदलली.

‘आंटी नीचे क्यूं आई’.

म्हणजे तो मला बघत होता. या क्षणी, इथून. मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते. संध्याकाळी उघडा लॅपटॉप हातात धरून फिरणाऱ्या बाईकडे कोण बघणार नाही? लारीवालाही बघत होता. एकच जण बघत नव्हता. मोपेडवर बसलेला, इस्त्रीचा शर्ट, चप्पल स्वच्छ. पंचविशीचा असेल. कुणाच्या तरी घरी त्याच्यासाठी स्वयंपाक चालला असेल.

मी त्याच्या चाकासमोर जाऊन उभी राहिले.

"बेटा, तेरा नाम क्या है?"

"क्यूं?"

"आमचं तुला कळलंय. घर नंबरासकट. आता तुझं सांग."

"आंटी, क्या बात कर रही हो?" तो आजूबाजूला बघून हसला. त्याचा अंगठा स्क्रीनवर हलला. माझ्या हातातल्या यादीतली ती ओळ विझली. त्यानं नाव सांगितलं नाही, पण तोच होता हे सांगितलंच की.

"कोण आहे हो, पाहुणे का?" पुष्पाबाईंनी मोठ्यानं विचारलं. त्यांचा आवाज चौथ्या माळ्यापर्यंत जातो, त्याला काड्या लागत नाहीत. गॅलऱ्यांत माणसं आली. पाव खाणाऱ्यानं पाव खाली ठेवला.

त्यानं मोपेड चालू केली. चाक माझ्या पायाच्या नखाला घासून गेलं, मी सरकले नाही. धीर वगैरे काही नव्हता. पाय हलत नव्हते इतकंच.

मागे वळले तर चंचल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. मोबाइल दोन्ही हातांत धरून गाडीचा फोटो काढत होती. तिनं पाच काढले तेव्हा एकात नंबर वाचता आला. मग तिथंच पायरीवर बसून तिनं बायकांच्या मदतीचा नंबर, १८१, लावला. पलीकडच्या बाईंनी नाव, पत्ता विचारला तेव्हा ती क्षणभर थांबली. मग तिनं सांगितला, पूर्ण.

हे आठला आले तोवर १८१ची गाडी येऊन, तक्रार लिहून घेऊन गेली होती. गेटपासून घरापर्यंत यांना चार जणांनी गाठलं असणार. दारात चप्पल काढताना म्हणाले, "काय व्हयनं?"

मी सगळं सांगितलं. महिन्याचं, ओळखपत्राचं, भाजीबाजाराचं, मी राउटरला दिलेल्या नावाचं. ते बसले नाहीत. हाताला कोपरापर्यंत लाल रंग होता, तो खरवडत राहिले.

"माले काबर नही सांगं?"

"सुवर्णामुळे," मी म्हटलं.

मला तो ओटा आठवला, ती खाली घातलेली मान. मग ज्याला मी महिनाभर घाबरत होते ते वाक्य आलंच. "नोकरी सोडी दे म्हना तिले. घर बस म्हना."

चंचल लॅपटॉपसमोर होती. तिनं मान वर केली नाही. "घरीच होते मी, पप्पा. दाराला कडी होती. तो इथपर्यंत आला."

खाली कुणीतरी गाडी लावली, स्टँडचा आवाज आला, आणि आम्ही तिघंही एकदमच थांबलो. शेजारचे पटेल होते.

"सोमवारी किती वाजता आहे तुझं?" यांनी विचारलं.

"दहाला."

त्यांनी मिलच्या मुकादमाला फोन लावला आणि सोमवारची सुट्टी मागितली. मुकादमानं कारण विचारलं असावं. मला वाटलं, पाव्हणे येताहेत म्हणतील. हे म्हणाले, "मुलीचं काम आहे," आणि फोन ठेवला.

सोमवारी दहाला चंचल बसली. हे दारात स्टूल टाकून बसले, दार उघडं ठेवून. बंद दारामागे जिन्यातलं ऐकू येत नाही म्हणे. कनेक्शन दोनपर्यंत तुटलं नाही. त्यात माझं लक्षही नव्हतं. जिन्यात पाऊल वाजलं की मी पावलं मोजत होते, आणि चंचलची बोटंही तेवढ्यापुरती थांबत होती.

दोनला शेठचा फोन आला. सगळं बरोबर, घरून चालेल. फक्त महिन्यातून एकदा, पाच तारखेला, ऑफिसला यावं लागेल.

"येईन," चंचल म्हणाली. फोन ठेवून तिनं कॅलेंडर पाहिलं. अकरा दिवस होते.

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं.

"आणि पुढच्या पाच तारखेला?"

"तेव्हाही."

पुढची तक्रार उघडून तिनं लिहायला घेतलं.