कारकातची खबर

"अस्वलासाठी मेंढी कापतं का गं कुणी?" शेजारची बातमा माझ्या कानाशी कुरकुरली. आम्ही दोघी कांदा चिरत होतो. डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच आहे, असंही तिनं बजावलं.

मी सफरचंदं उतरवायला म्हणून चार दिवस बहिणीकडे वर आले होते, आणि सापडले या सोहळ्यात. माझे दाजी, ओरोझबाय, शेजारच्या राखीव रानात तीस वर्षं रखवालदार होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आई मेलेलं अस्वलाचं पिल्लू घरी आणलं. अनिपा-एजेनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, त्याला बाटलीनं दूध पाजलं. नाव ठेवलं कारकात. मोठी झाल्यावर तिला रानात सोडलं. तरी दर पानगळीला ती गावात यायची, मधाच्या पेट्या उलथायची, आणि गाव दाजींकडे बघून गप्प बसायचं. गेल्या आठवड्यात ती मुल्लांच्या अक्रोडावरून पडून मेली. दाजी तेव्हा शहरात, हृदयाच्या इस्पितळात. आज ते घरी येणार होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसू देऊ नका.

आमच्यात मरणाची खबर तोंडावर फेकत नाहीत. वडीलधारे जमतात, आडवळणानं बोलतात, ज्याचं त्यानं ओळखायचं. अस्वलाला ही रीत लागू आहे का, यावर गावात दोन दिवस वाद झाला. शेवटी मुल्ला म्हणाले, "पडली माझ्या झाडावरून. सांगतो मीच."

दाजी आले, बसले. अकरा माणसं त्यांच्याकडे बघत बसली. आम्ही दोघी दारात.

"आके," मुल्लांनी दाजींना थोरल्या भावाच्या मानानं हाक मारून सुरुवात केली, "उंच चढलेलं कधीतरी खाली येतंच."

"अक्रोड पडला की काय तुमचा?"

"छे, अक्रोड धड आहे."

"मग गेलं कोण? तुर्दू?"

"मी हा काय इथं," धाकटा भाऊ तुर्दू चहाच्या वाटीआडून म्हणाला.

दाजींनी बायकोकडे पाहिलं. ती चहा ओतत होती. मग त्यांनी एकेक डोकं मोजलं. सगळी होती. त्यांचा चेहरा उतरला, हात छातीवर गेला.

"इस्पितळातून फोन आला होता ना तुम्हाला?"

रीत अशी, की होही म्हणायचं नाही आणि नाहीही. मुल्ला घुटमळले. "आपण सगळेच इथले पाहुणे, आके."

"म्हणजे मीच," दाजी शांतपणे म्हणाले. डोक्यावरचा कल्पाक काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "घोडा तुर्दूला द्या."

तुर्दूला हुंदका फुटला. "आणि खोगीर?"

"तेही घे."

बातमा आता कांद्याशिवाय रडत होती. मुल्लांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी दुआसाठी हात उचलले. मग बाकीच्यांनीही उचलले. ओठ पांढरे पडलेले दाजीसुद्धा स्वतःसाठी दुआ मागायला लागले.

अनिपा-एजेनं किटली खाली ठेवली.

"हात खाली घ्या सगळ्यांनी." ती नवऱ्यासमोर येऊन बसली, आणि कल्पाक उचलून तिनं त्यांच्या डोक्यावर नीट बसवला.

"तुम्हाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "कारकात गेली. आपली पोर गेली."