अजून एक येडा दाखव

माह्या भाच्यानं, गोकुळनं, लाल भडक स्पोर्ट्स कार आणली तवा अख्खं गाव पाहाले लोटलं. सीटा दोनच, अन् उंची मानसाच्या कमरेएवढी. झुंबरबाईनं गाडीभोवती चक्कर मारली अन् इचारलं, "बाकीची कधी येते?"

मी म्हणलं, "एवढीच आहे बाई. धुतली तवा आटली."

सारे हसले. गोकुळ नाही हसला. अन् त्याचा बाप पुंजाजी, म्हंजे माह्या बहिणीचा नवरा, तोबी नाही हसला. त्याच्या अंगावरून वारं गेलेलं, डावा हात-पाय कामातून गेला. ओसरीत रस्त्याकडं तोंड करून त्याची खाट टाकलेली. अर्ध्या तोंडानं म्हणे, "हिच्यात सोयाबीनचं एक पोतं तरी बसते का बे? अशी गाडी घेनारा अजून एक येडा दाखव मले. मंग मानतो तुले."

पोराच्या जिवाले लागलं ते.

त्याचा फोनवर एक ग्रुप होता. नागपूर, नाशिक, संभाजीनगरचे, सारे अशाच गाड्यावाले. ते दिवाळीनंतर लंबी सफर काढून राह्यले होते. समृद्धीनं मेहकर, तिथून लोणारचं सरोवर, बुलढाणा, राजूर घाट, मंग अजिंठ्याचा घाट चढून थेट कोकण. गोकुळ त्याइच्या मागंच लागला. राजूर घाट उतरला का आमच्या गावाहून चला, धामणगाव बढ्याच्या जवळच आहे, चहा घेऊ. कोनी हो म्हणे ना, कोनी नाही म्हणे ना.

"मामा," गोकुळ मले म्हणे, "बास, बाच्या खाटेसमोरून एकदा लायनीनं साऱ्या गाड्या गेल्या पाहिजे. मले कोकण नाही भेटलं तरी चालते."

मंग मी कामाले लागलो. राजूर घाटाचे फोटो काढून धाडले. धुकं कमी पडून राह्यलं होतं, तं रस्त्याच्या खाली ओला पाला पेटवून देल्ला. काय धुकं दिसे म्हणता! त्याइचा म्होरक्या ऋत्विक, नागपूरचा, लिहिते, "काका, हा तर स्वर्ग आहे! रविवारी मी स्वतः रस्ता बघायला येतो."

गोकुळनं मले उचलूनच घेतलं.

आता गावात पाव्हणा येनार अन् सत्कार नाही, हे होऊच शकत नाही. आमचे अर्जुनराव, गावात कोनाचा दहावीचा निकाल लागला तरी शाल घेऊन उभे. शनवारी मी अन् गोकुळ शाल-नारळ आनाले एसटीनं बुलढाण्याले गेलो. वापस येऊन पाहातो तं गावाच्या दोन्ही तोंडाले एकेक ब्रेकर! खाली मुरूम, वर डांबर. ब्रेकर कायचा, निजलेली म्हैसच.

गोकुळच्या हातातून नारळ पडला. "काका, हे काय करून ठेवलं?"

"मंग?" अर्जुनराव म्हणे. "त्या गाड्या भर्रकन निघून गेल्या तं शाल काय सायलेन्सरवर टाकू? थांबले तं पाहिजे ना लोकं!"

"तोडा आत्ताच्या आत्ता."

"डांबर ओलं आहे. हात नको लावू."

रविवारी ऋत्विक आला. पिवळी गाडी. त्यानं लय सांभाळून, तिरपी करून समोरचे चाकं ब्रेकरवरून नेले अन् गाडी पोटावर बसली. कर्रर्र असा आवाज आला का माहेच दात आंबले. ना पुढं, ना मागं. सारं गाव धावलं. "उचला रे!"

"हात लावू नका!" ऋत्विक आतून वरडते. "कुठंच लावू नका!"

"मंग काय फुका मारू का भाऊ?" कोनीतरी म्हणलं.

तेवढ्यात अर्जुनरावनं खिडकीतून हात घातला अन् त्याच्या खांद्यावर शाल टाकली. "बसल्या बसल्याच घ्या साहेब."

तिकडं वळणाच्या पल्याड खाटेवरून पुंजाजी हाका मारून राह्यला होता. त्याले निसता आवाज आयकू येत होता, दिसत काहीच नव्हतं.

शेवटी गाडी उचलून मागं ठेवली, गावाबाहेर. ऋत्विक पोरगा चांगला, शिवी नाही देल्ली. गाडीखाली वाकून पाह्यलं, शालीची घडी केली अन् म्हणे, "गोकुळ, तू मेहकरलाच ये. इकडून नाही जमणार रे."

पन गोकुळ जाईल कसा? त्याची गाडी तं ऋत्विकच्या गाडीहून बोटभर खालीच.

सोमवारी त्यानं कुदळ काढली. शाळेजवळच्या ब्रेकरवर जाऊन पाहातो तं झुंबरबाई मधात बसलेली.

"मावशी, सरका."

"नाही सरकत." ती म्हणे. "रेतीचे टिप्पर कसे जात होते, तू पाह्यलं नाही का? आज पह्यल्यांदा हळू गेले, बापू. माही छकुली एकटीनं रस्ता पार करून शाळेत गेली. तोडतं तं आंधी माह्यावर घाव घाल."

गोकुळनं माह्याकडं पाह्यलं. मले साऱ्या गावाले फसवता येते. पन त्या बाईले काय सांगू? ती खरं बोलून राह्यली होती. मी कुदळ त्याच्या हातून घेतली.

घरी येऊन त्यानं बापाले सांगून टाकलं. गाड्या येत नाहीत. मेहकरहून परस्पर जातात.

पुंजाजी उजव्या कोपरावर उठला. मंग म्हणे, "तं मलेच ने मेहकरले. तिथं पाहातो तुहे येडे."

"बा, या गाडीत तुमी—"

"ने म्हणलं ना!"

सफरीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी त्याले उचललं. गाडी जमिनीले टेकलेली, त्याले जसं विहिरीतच सोडत होतो. अंग बसलं आत, पन डावा पाय वाकेच ना. आडवा करून पाह्यला, उभा करून पाह्यला. पाय बाहीर अन् दार उघडं. बहीण माही दारात पदर तोंडाले लावून उभी. हसत होती का रडत होती, मले समजलं नाही.

"बा, दार लागत नाही."

"उघड्या दारानं चालव. मामा पाय धरते."

मी धरला पाय. दोन्ही हातांनी धरून, वाकून, गाडीसंगं चालू लागलो. गोकुळनं पह्यल्याच गेरमधी गाडी काढली. इंजिनाच्या आवाजानं कुत्रे पळाले, पोट्टे मागं धावले. पुंजाजी समोर पाहात होता, उजवा हात काचेखाली रोवून, मान ताठ. वळण आलं. वळणाच्या पल्याड ब्रेकर.

गोकुळनं गाडी ब्रेकरजवळ नेली अन् ब्रेक दाबला. इंजिन चालूच.

"काऊन थांबला बे?" पुंजाजी ब्रेकरकडं पाहून म्हणे. "चाल ना."